झाकणावरचं पाणी

जलचक्राच्या आकृतीला आमच्या परीक्षेत चार गुण असायचे. डावीकडे निळा समुद्र, उजवीकडे तपकिरी डोंगर, वर करडा ढग आणि मधून फिरणारे बाण. बाणांवर बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य ही नावं शुद्धलेखनाची चूक न करता लिहिली की चारपैकी चार. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं आणि या आकृतीला किती गुण वाटले त्याची गणती नाही. सूर्याला नाक-डोळे काढले म्हणून कुणाचा गुण कापला नाही, एवढं माझ्या बाजूनं सांगते.

एकदा मात्र मेच्या तोंडावर गाडी अडली. शहरात पाणीकपात सुरू होती. उजळणीच्या तासाला सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, पाणी नुसतं गोल फिरतं, कमी होत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. मग आमच्या चाळीत अर्धाच तास का येतं?” मी त्याला पाणी जपून वापरण्याविषयी पाच मिनिटं ऐकवलं. नळ बंद करा, बादलीनं आंघोळ करा, वगैरे. तो खाली बसला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाच मिनिटांत कुठेच नव्हतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

या पुस्तिकेचं हस्तलिखित प्रस्तावनेसाठी हातात आलं तेव्हा मी आधी त्या मुलाचं उत्तर शोधलं. ते सापडलं, पण एका पानावर नाही. थोडं कढईत, थोडं गच्चीवर, थोडं भांडुपच्या मिठागरात. पुस्तिका लिहिणाऱ्या शिक्षकांचं म्हणणं साधं आहे: अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या मुलांना चित्रातला समुद्र आणि चित्रातला डोंगर कशाला हवा? पश्चिमेला जुहू-वर्सोव्याचा समुद्र आहे. मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे डोंगर आणि जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे तलाव. पूर्वेला ठाण्याची खाडी. सगळी आकृती रिक्षाच्या टप्प्यात. फक्त तिच्यातले काही बाण निसर्गानं काढलेले नाहीत, महापालिकेनं पाइप टाकून काढले आहेत, आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्रात नेमके तेच नसतात.

सुरुवात कढईपासून करते. आपल्याकडे उसळ किंवा परतून केलेली भाजी शिजवताना कढईवर ताट झाकतात आणि त्या ताटात वाटीभर पाणी ओततात. भाजी लागू नये म्हणून, एवढंच कारण बहुतेक घरांत सांगतात. आई करायची म्हणून आपण करतो. कढईतली वाफ वर जाते, ताटाच्या थंड तळाला टेकते, तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब भाजीवर परत पडतं. पाणी होताना वाफेनं सोडलेली उष्णता वरचं पाणी घेतं, म्हणून दहा मिनिटांत ते चटका बसण्याइतकं तापतं. भाजी आटली तर तेच गरम पाणी आत घालायचं. ताट कोरडं ठेवलं तर ते स्वतःच तापतं, वाफेला पाणी व्हायला थंड जागा उरत नाही, ती कडेनं निसटते आणि भाजी करपल्याचा वास दिवाणखान्यात येतो.

पुस्तिकेतला प्रयोग असा की दोन सारख्या पातेल्यांत मोजून दोन-दोन वाट्या पाणी घ्यायचं, सारख्याच मंद आचेवर ठेवायचं, एकावर कोरडं ताट आणि दुसऱ्यावर पाणी घातलेलं. मग आत किती उरलं ते मोजायचं. मी घरी केला. फरक मापाच्या भांड्याशिवायही कळण्याइतका पडला. पण खरी गंमत ताट उलटून बघण्यात आहे. (वरचं पाणी आधी ओतून टाकावं. मी विसरले होते.) तळाशी शेकडो बारीक थेंब असतात. दोन एकमेकांना चिकटतात, त्यांचा एक होतो, तो तिसऱ्याला गिळतो, जड होतो आणि सुटतो. ढगातले कण एकमेकांवर आदळून, एकत्र येऊन असेच पडण्याइतके मोठे होतात. आठ वर्षांच्या मुलाला हे तीस सेकंदांत दिसतं. सांद्रीभवन हा शब्द नंतर दिला तरी चालतो. माझा अनुभव असा की आधी शब्द दिला तर मुलं त्याचं स्पेलिंग पाठ करतात, मराठी शब्द असूनही.

कढईच्या प्रयोगात एक खोट आहे आणि ती पुस्तिकेनं लपवलेली नाही. गॅसवर वाफ दाखवली की मुलांचा समज पक्का होतो की पाणी उकळल्याशिवाय वर जात नाही. मग समुद्र कुठे उकळतो? म्हणून लगेच पुढचा प्रयोग हातरुमालांचा. सारखे पाच रुमाल, सारखे भिजवून, सारखे पिळून. एक उन्हात, एक पंख्याखाली, एक सावलीत, एक घडी घालून आणि एक बंद न्हाणीघरात. कुठला आधी वाळेल यावर मुलांना पैज लावू द्यावी. बहुतेक जण उन्हावर लावतात आणि ढगाळ दिवशी पंख्याखालचा रुमाल त्यांना चकवतो. हाच खेळ जुलैत पुन्हा मांडला की दांडीवरचे कपडे तीन-तीन दिवस का वाळत नाहीत आणि त्यांना तो कुबट वास का येतो, हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. हवा आधीच पाण्यानं भरलेली आहे.

किती भरलेली? जुलैतल्या दमट दिवशी दहा बाय दहाच्या खोलीतल्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी तरंगत असतं. दिसत नाही, कारण पाण्याची वाफ दिसतच नाही. चहाच्या कपावर जी दिसते तिला आपण वाफ म्हणतो खरं, पण ते असतात थंड झालेले पाण्याचे बारीक थेंब. ही एक गोष्ट पटली की ढग म्हणजे काय हेही पटतं. ती पटवायला मुंबईच्या उपनगरांत एक यंत्र घरोघरी टांगलेलं आहे: एसी. त्याच्या नळीतून खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर टपटपणारं पाणी हा सोसायटीतल्या भांडणांचा जुनाच विषय. ते पाणी कुठल्या टाकीतलं नाही, खोलीच्या हवेतलं आहे. नळीखाली बाटली लावून तासाभरात किती जमतं ते जानेवारीत एकदा आणि जूनमध्ये एकदा मोजावं. दोन आकडे शेजारी लिहिले की हवेतल्या दमटपणाचा धडा संपला.

थंड पाण्याच्या पेल्याला घाम सुटतो तो प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. पण पाणी काचेतून झिरपून बाहेर येतं, असं सांगणारी मुलं मला दरवर्षी भेटली, हुशार म्हणून गाजलेलीसुद्धा. पाण्यात खायचा लाल रंग घालून बघा, बाहेरचा घाम बिनरंगाचाच राहतो. तरी कुणी अडलंच तर पेला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा. वजन वाढत जातं. पाणी बाहेर झिरपत असतं तर वजन तेवढंच राहिलं असतं. पावसाळ्यात बेस्टच्या एसी बसमधून जाताना काच आतून पुसून बघा, धुकं जात नाही, कारण ते बाहेरून धरलेलं असतं. खिडक्या लावून घेतलेल्या, मुलांनी भरलेल्या शाळेच्या बसमध्ये ते आतून धरतं आणि त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. का, हे मुलांनाच विचारावं. सांगू नये.

इथे माझी एक तक्रार. हल्ली सगळीकडे शेव्हिंग फोमचा ढग दिसतो. काचेच्या बरणीत पाणी, वर फोमचा थर, त्यावर निळ्या रंगाचे थेंब. रंग खाली उतरला की मुलं टाळ्या पिटतात, फोटो निघतात. दिसायला देखणं आहे, पण त्यातून शिकायला काय मिळतं? ढग हा स्पंज असतो, तो भरला की गळतो, हे. ते खरं नाही. त्या बरणीत वाफ नाही, गारवा नाही, थेंब तयार होणं नाही. त्यापेक्षा पुस्तिकेतला उदबत्तीचा ढग करावा. प्लास्टिकच्या बाटलीत चमचाभर कोमट पाणी घालून हलवायचं, विझवलेल्या काडीचा किंवा उदबत्तीचा थोडा धूर आत घ्यायचा, झाकण घट्ट लावून बाटली जोरात दाबायची आणि एकदम सोडायची. सोडताच आतली हवा पसरते, थोडी गार होते आणि क्षणभर पांढुरका ढग दिसतो. दाबली की गायब. धुराशिवाय करून पाहिलं तर ढग नीट धरत नाही, कारण थेंबाला बसायला काहीतरी कण लागतो. पहिल्या चार खेपा फसतात. पाचव्यांदा जमलं की मुलं बाटली हातातून सोडत नाहीत.

आता मिठागरं. पूर्व द्रुतगती मार्गावरून मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या बाजूनं जाताना खाडीकडे पाण्याचे चौकोन दिसतात, ते उपनगरातल्या किती मुलांनी नीट पाहिलेत? भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करत न्यायचं आणि शेवटच्या वाफ्यात ऊन-वाऱ्यानं पाणी उडून मीठ खाली बसू द्यायचं. हंगाम हिवाळ्यापासून पहिल्या पावसापर्यंत. या जमिनींवर घरं बांधायचे बेत पेपरांतून येत असतात, तेव्हा दाखवायची असतील तर लवकर दाखवलेली बरी. पृथ्वीवरचं बाष्पीभवन एवढ्या उघड्यावर, एवढ्या सावकाश आणि विकाऊ मालाच्या रूपात दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

घरी त्याचं रूप म्हणजे एक स्टीलचं ताट. लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवायचं, समुद्रात साधारण तेवढंच असतं. त्यातलं पेलाभर ताटात ओतून, वर जाळी घालून, गॅलरीत ठेवायचं. डिसेंबरात काही दिवसांत कडेनं पांढरी रेघ धरते, मग चौकोनी स्फटिक. भिंगातून बघितले तर खरोखर चौकोनी. पाणी गेलं, मीठ राहिलं. समुद्र खारट आणि पाऊस गोडा कसा, या प्रश्नाचं उत्तर ताटाला चिकटलेलं असतं. जुहूचं किंवा अक्साचं पाणी आणून हे करू नका. करायचंच झालं तर ते मीठ कुणी जिभेला लावणार नाही, हे बघा.

१६८७ साली एडमंड हॅलेनं, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्यानंच, हे जवळजवळ असंच केलं होतं. भांडंभर पाण्यात समुद्राइतकं खारट होईल असं मीठ घातलं, ते किंचित तापवून तराजूवर ठेवलं, दोन तासांत किती वजन घटलं ते मोजलं आणि त्यावरून अख्ख्या भूमध्य समुद्रावरून दिवसाला किती पाणी उडत असेल याचा अंदाज बांधला. त्याच्या तेरा वर्षं आधी फ्रान्समध्ये पिएर पेरॉनं सेन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात पडणारा पाऊस आणि नदीतून वाहणारं पाणी यांचा हिशेब घातला, तेव्हा पाऊस नदीच्या सहापट भरला. तोवर भल्याभल्यांना वाटत होतं की पावसानं नद्या भरणं शक्य नाही, समुद्राचं पाणी जमिनीच्या पोटातून डोंगरावर चढत असणार. जलचक्र हे ज्ञान भांडं, तराजू आणि बेरीज-गुणाकार यांतून आलं, चित्रातून नाही. मुलांनी ते त्याच वाटेनं का शिकू नये?

पाऊस मोजणं आपल्याकडे आणखी जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवावं, असं सांगितलंय. कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याचे आकडेही आहेत. अश्मक देशाचा आकडा आहे, अवंतीचा आहे. अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा, नाही. तिथे अमाप म्हटलंय. कुंड वाहून गेलं असणार, दुसरं काय.

आपलं कुंड म्हणजे दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा. तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून तळाशी खडी घालून ती बुडेपर्यंत पाणी ओतायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी राहून जातात आणि मग मुलांचे आकडे हवामान खात्याशी जुळत नाहीत. बाटली मधेच बारीक होणारी नको, वरपासून खालपर्यंत सरळ हवी. वेळ रोज सकाळी साडेआठची, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरला जातो. झाडं आणि भिंती यांपासून लांब ठेवायची, असं शास्त्र सांगतं. उपनगरात भिंतीपासून लांब म्हणजे गच्ची.

सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर मिळून सरासरी सव्वादोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ही संख्या मुलांना काहीच सांगत नाही. म्हणून पुस्तिकेत ती भिंतीवर खडूनं काढायला लावली आहे: सव्वादोन मीटर, वर्गातल्या सगळ्यात उंच सरांच्याही डोक्यावर. शेजारी दुसरी रेघ, ९४ सेंटिमीटरवर. चौथीतल्या मुलाच्या छातीशी येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत पडलेल्या पावसाची ती रेघ आहे, ९४४ मिलीमीटर. आपली बाटली त्या दिवशी चार-पाच वेळा ओतून रिकामी करावी लागली असती. आणि त्याच दिवशी कुलाब्याला? जेमतेम ७३-७४ मिलीमीटर. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवर. वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस बाटल्या का लावायच्या, एक का पुरत नाही, याचं कारण ही दुसरी संख्या आहे. त्या दिवशी कुर्ल्यापासून बोरिवलीपर्यंत कंबरभर पाण्यातून चालत आलेलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात सापडतं. त्यांना बोलतं करणं हाही एक प्रयोगच.

एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हे समीकरण मिळालं की सहावीतल्या मुलाला गच्चीचा हिशेब येतो. दहा बाय वीस मीटरची गच्ची, सव्वादोन मीटर पाऊस: साडेचार लाख लिटर. सोळा बिऱ्हाडं, चौसष्ट माणसं, माणशी रोज १३५ लिटर धरलं तर सगळ्या इमारतीला बावन्न दिवस पुरेल. ते पाणी कुठे जातं? पन्हळीतून गटारात. मुलं हा हिशेब घरी नेतात आणि वडिलांना विचारतात. पुढचं सोसायटीच्या सभेत.

तर त्या मुलाचा प्रश्न. पाणी कमी होत नाही, मग कपात का? पाणी कमी होत नाही हे सबंध पृथ्वीपुरतं खरं आहे, घाटकोपरपुरतं नाही. आणि आपला पाऊस चार महिने पडतो, तहान बारा महिने लागते. मुंबईला पाणी देणारे तलाव सात: तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. पहिले दोन आपल्या शेजारी, बोरिवलीच्या जंगलात. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, पण सगळ्या साठ्यात त्यांचा वाटा किरकोळ. बाकीचं पाणी शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडचं. समुद्रावरून आलेले ढग अंधेरीच्या डोक्यावरून जातात, सह्याद्रीला टेकून वर चढतात, गार होतात आणि तिकडे मोकळे होतात. मग तेच पाणी शंभर किलोमीटर पाइपांतून, बोगद्यांतून भांडुपला येतं, शुद्ध होतं, वेरावली आणि घाटकोपरसारख्या टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं आणि नळाला उतरतं. आकाशातून जे न थांबता निघून गेलं ते जमिनीखालून परत आलं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हा परतीचा बाण नाही. त्या मुलाचा नळ या बाणाच्या टोकाला होता.

सात तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. शहराला रोज पुरवलं जातं ३,८५० ते ४,००० दशलक्ष लिटर. भागाकार करा: साधारण एक वर्ष. म्हणजे दर वर्षी डबा नव्यानं भरायचा आणि पुढच्या जूनपर्यंत पुरवायचा. त्यातूनही उन्हाळ्यात तलावावरून उडून जातं ते वेगळंच, आपल्या रुमालासारखं. म्हणून १ ऑक्टोबरला साठा किती आहे याकडे पालिकेचं लक्ष असतं आणि म्हणून जूनपासून रोज सकाळी पेपरात त्या सात नावांचा तक्ता येतो. पुस्तिकेत तो कापून वहीत चिकटवायला आणि आलेख काढायला सांगितलंय. मला हा उपक्रम सगळ्यात आवडला, आणि त्याला पैसाही लागत नाही. जूनच्या शेवटी रेघ जमिनीला टेकलेली असते, जुलैत एखाद्या आठवड्यात ती उभी चढते. गच्चीवरच्या बाटलीत धो धो पडलं तरी तलावाची रेघ हलत नाही असे दिवसही येतात. अंधेरीत पडलेला पाऊस तानशाला पोचत नाही, हे मुलांच्या ध्यानात येतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

चित्रात नसलेला दुसरा बाण संडासातून निघतो. वर्गात हे वाक्य म्हटलं की पाच मिनिटं खिदळण्यात जातात, जाऊ द्यावीत. फ्लश केलेलं पाणी कुठे जातं? घाटकोपर-भांडुपकडचं प्रक्रिया होऊन ठाण्याच्या खाडीत, वर्सोवा-मालाडकडचं मालाडच्या खाडीत. भांडुप स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं तर एका नजरेत दोन टोकं येतात. पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी पाणी शुद्ध करणारा प्रकल्प, पूर्वेला सांडपाण्याची तळी, मिठागरं, तिवरं, आणि हिवाळ्यात चिखलात चरणारे गुलाबी रोहित. मधल्या तीन-चार किलोमीटरांत आपण सगळे. लेखकांनी या पुलावरून नकाशा काढायचा जो पाठ दिलाय, तो गर्दीच्या वेळी करू नये, एवढीच माझी त्यात भर.

कन्हेरीच्या लेण्यांचा पाठ थोडा आणखी मोठा असता तर चाललं असतं. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या गेटमधून आत जाऊन जुलैत त्या लेण्यांवर चढावं. शंभरावर लेणी, सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. बुद्धमूर्ती बघून झाल्यावर मुलांना पायाखाली बघायला सांगावं. कातळात बोटभर रुंदीचे पाट कोरलेत. एखादा धरून चालत गेलं की तो लेण्याच्या दाराशी खोदलेल्या टाक्यावर पोचतो. तिथल्या ब्राह्मी लेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय, आणि ती कुणी दान दिली तेही कोरलंय. डोंगरमाथ्यावर, विहीर खोदायची सोय नाही, अशा ठिकाणी भिक्खू आठ कोरडे महिने राहिले ते या पोढ्यांवर. मी सहल नेली तेव्हा एक मुलगी छत्री मिटून, ओणवी होऊन, एका पाटामागून भिजत निघाली ती टाक्यापर्यंत थांबली नाही. पाणी तिच्या बोटांबरोबर पोचलं. (उद्यान सोमवारी बंद असतं. मी एकदा बस भरून सोमवारी पोचले आहे.)

उरलेलं पटकन सांगते. झाडाच्या फांदीला पिशवी बांधून पानांनी सोडलेलं पाणी जमवायचा प्रयोग कंपाउंडमधल्या जांभळावर किंवा बदामावर उत्तम होतो. माती, मुरूम आणि पेव्हर ब्लॉकचा तुकडा तीन कापलेल्या बाटल्यांत ठेवून वरून पाणी ओतण्याचाही. तिसऱ्या बाटलीत काय होतं हे आपल्या गल्लीत दर जुलैला दिसतंच. बंद बरणीतल्या बागेचा उत्साह तिसऱ्या दिवशी संपतो आणि दहाव्या दिवशी बुरशी येते, तरी करा. खिडकीला चिकटवायची पाण्याची पिशवी पावसाळ्यात ऊन नसल्यानं रुसून बसते, ती मार्चमध्ये लावा. हादग्याच्या दिवसांत हस्त नक्षत्राचा विषय घरात निघतोच, तेव्हा आजी-आजोबांकडून पावसाच्या नक्षत्रांची नावं आणि वाहनं लिहून घ्या, तरणा पाऊस कुठला आणि म्हातारा कुठला तेही. बाटलीतले आकडे त्यांच्याशी ताडून बघायला मुलांना फार मजा येते. आजोबांना कमी.

काही गोष्टींत मात्र चालढकल नको. गॅसजवळ मोठं माणूस हवंच. मिठी, पोयसर, ओशिवरा, दहिसर या नद्या काठावरून बघायच्या, पाण्यात हात घालायचा नाही. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो होतो. विहार आणि पवईत मगरी आहेत, आणि विहार-तुळशीला परवानगीशिवाय जाता येत नाही.

तो सातवीतला मुलगा आता चांगला मोठा झाला असेल. भेटला तर त्याला पाण्यानं भरलेलं ताट, बाटली आणि पेपरातलं एक कात्रण देईन. तोवर वाचकांना कामाची सूचना एकच: गच्चीची चावी मे महिन्यातच मागून ठेवा. मी एका जूनमध्ये मागितली, तर सेक्रेटरी गावाला गेले होते, चावी खजिनदारांकडे होती, आणि खजिनदारांचं म्हणणं, गळतीचं काम झाल्याशिवाय वर कुणाला सोडायचं नाही. पहिले एकशे दहा मिलीमीटर आमचे तिथेच गेले.